मामाला शेवटचं कुणी पाहिलं?

माझा मामा नौदलाच्या ‘खुकरी’ जहाजावर होता असं सांगितलं, की माणसं लगेच कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांविषयी बोलू लागतात. स्वतःचं लाइफ जॅकेट त्यांनी एका खलाशाला दिलं आणि ते जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं, ते उगाच नाही. पण कॅप्टनना पाहिलेली माणसं वाचली. मामाला शेवटचं कुणी पाहिलं, ते आमच्या घरात कधीच कळलं नाही.

मामा तेव्हा तेवीस वर्षांचा, सब-लेफ्टनंट, मी तिसरीत. सुट्टी मिळाली की तो गिरगावात यायचा आणि चाळीच्या गॅलरीत चटई टाकून मेल्यासारखा झोपायचा. ‘मेल्यासारखा’ हा शब्द आजीचा. पुढे तिने तो कधी उच्चारला नाही. मला सोनार त्यानेच समजावला होता. पाण्यात आवाज सोडायचा आणि कशावर आपटून परत येतो का, ते कान देऊन ऐकत बसायचं. ‘खुकरी’ पाणबुड्या शोधायलाच बांधलेलं जहाज. पण पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या नव्या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीला ‘खुकरी’पेक्षा लांबचं ऐकू येत होतं. त्यात सोनारची ताकद वाढवण्याचा एक प्रयोग जहाजावर चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. हे सगळं मी मोठेपणी वाचलं. सात वर्षांच्या मुलाला एवढंच वाटत होतं, की मामाचे कान सगळ्यात तिखट आहेत.

४ डिसेंबर १९७१च्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला. बातमी आली तेव्हा खिडक्यांना काळे कागद लावलेल्या आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. ८ तारखेला ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ दीवच्या बाजूला पाणबुडीच्या शोधात मुंबईहून निघाल्या. ९ तारखेला रात्री पावणेनऊच्या सुमारास ‘किरपाण’वर सोडलेला पाणतीर फुटला नाही. दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण रात्रभर पाण्यात तरंगले, दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ने त्यांना उचललं.

त्यांतला एक कोकणातला नौसैनिक पुढे आम्हाला भेटायला आला. आजोबा त्याला जहाजाविषयी विचारत होते. आजीने एकच विचारलं, “पाणी गार होतं का रे?”

“नव्हतं, आई. तेल फार होतं पाण्यात.” मग थोडं थांबून म्हणाला, “मी वर डेकवर होतो. खाली कोण कुठे होतं, नाही सांगता येणार.”

भटजींनी दर्भाचा पुतळा करून संस्कार उरकायला सुचवलं. आजी म्हणाली, “गवताला मी मुलगा म्हणायची नाही.” १९७२च्या डिसेंबरात आपले युद्धकैदी वाघा सीमेवरून परत आले, तोवर ती रोज रेडिओला चिकटून असायची. त्यानंतर तिने रेडिओ लावणंच सोडलं.

नौदल दिन ४ डिसेंबरला असतो. असावाच, तो पराक्रम तसाच होता. पण त्या दिवशी टीव्ही लावला की माझं लक्ष ९ तारखेकडे लागतं, आणि त्या तारखेला टीव्हीवर दुसरंच काहीतरी असतं.

दीवला ‘खुकरी’चं स्मारक आहे, समुद्राकाठच्या टेकाडावर. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे. मी गेलो तेव्हा आजूबाजूला गुजरातेतून आलेल्या पर्यटकांची झुंबड होती. मी काचेला नाक लावून जहाजाचं पोट बघत होतो. प्रतिकृती बाहेरूनच असते, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मला वाटतं, मामा कानाला हेडफोन लावून बसला असणार. आजोबांना खात्री होती, की तो शिडीवर कुणाला तरी वर ढकलत होता. आई म्हणते, तो झोपेत होता; मध्यरात्रीची ड्यूटी असली की ते संध्याकाळीच झोपतात. त्याला त्या दिवशी मध्यरात्रीची ड्यूटी होती हे तिला कुणी सांगितलं, ते मी विचारलेलं नाही.