नाचणीच्या शेजारी

पक्ष्यांवर प्रेम करणे सोपे असते. पण त्यांच्या ताटात काय वाढले आहे ते पाहिले, की आपले प्रेम जरा कचरते. पोपटाला पेरू, चिमणीला तांदूळ, इथवर आपण उदार असतो. पण ज्या पाखराचे पोट माश्या, चिलटे आणि तुडतुडे यांवर भरते, त्याला जेवायला बोलवायचे तरी कसे?

माझी लाडकी नाचण याच जातकुळीतली. जुन्या बागा, आंब्याची गर्द सावली, बांबूची बेटे ही तिची वस्ती. शेपटीसकट लांबी फार तर १७-१८ सेंटिमीटर. अंग धुरकट, भुवई आणि गळा पांढरा, छातीवरच्या काळसर पट्ट्यावर पांढरे ठिपके. नर-मादी दिसायला सारखीच. पण तिला ओळखायला रंगाची गरजच नाही. बाईसाहेब क्षणभर स्वस्थ बसतील तर शपथ! पंख खाली सोडायचे, शेपटीचा जपानी पंखा उलगडायचा, डावीकडे एक गिरकी, उजवीकडे एक, आणि मध्येच हवेत कोलांटी घेऊन पुन्हा फांदीवर.

पाहणाऱ्याला हा नखरा वाटतो. खरे पाहता तो पोटाचा उद्योग आहे. पंखा असा फडकन उघडला, की पानाआड दडलेले किडे बिचकून उडतात आणि नाचण त्यांना हवेतच टिपते. कामाच्या या धबडग्यात तिला गायलाही सवड असते. चढत जाऊन उतरणारे पाच-सहा स्वच्छ सूर, जणू कोणी आनंदी मुलगा शीळ घालीत जिना उतरतो आहे.

तिचे घरटे म्हणजे बारीक गवताची नि तंतूंची एक इवलीशी वाटी, बाहेरून कोळिष्टकांनी लिंपलेली. आपण ज्याला जळमट म्हणून झाडतो, ते तिचे सिमेंट. अंडी बहुधा तीन. उबवण्यात आणि भरवण्यात नर-मादी दोघेही राबतात. घरट्याजवळ कावळा आला, तर एवढीशी पाखरे त्याच्या अंगावर धावून जातात.

असे एक घरटे गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणात, अडुळशाच्या झुडपात होते. पावसाळा आला आणि सभेत ठराव मांडला गेला : झाडी साफ करावी, औषध फवारावे. मी विरोध केला. तेव्हा समोरचे आजोबा शांतपणे म्हणाले, "माझी नात गेल्या वर्षी डेंग्यूने आठ दिवस दवाखान्यात होती. तुमची चिमणी मोठी, की आमची?"

या प्रश्नापुढे पक्षिप्रेमाची भाषणे टिकत नाहीत. 'नाचण डास खाते' हे खरे; पण तेवढ्याने डेंग्यू टळतो असे सांगणे लबाडीचे झाले असते. मी म्हणालो, "आजोबा, मोठी तुमचीच. पण डेंग्यूचा डास अंडी घालतो साचलेल्या पाण्यात. आपली उघडी पिंपे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे जुने टायर, तिथे तो वाढतो. दर रविवारी ते पाणी मी ओतून टाकीन. झाडी तेवढी राहू द्या."

फवाऱ्याचा इतिहासही मी थोडक्यात सांगितला. डीडीटीचा कीटकनाशक गुण दाखविणाऱ्या पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर चौदाच वर्षांनी, १९६२ मध्ये, रेचेल कार्सन यांनी 'सायलेंट स्प्रिंग' लिहून, हे विष किड्यांवर थांबत नाही, पाखरांपर्यंत पोचते, हे जगाला दाखविले. मते मोजली. अडुळशाला एका वर्षाची मुदत मिळाली. पाण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या रविवारी पाहतो, तो आजोबा नातीला घेऊन माझ्याआधीच गच्चीवर हजर!

येत्या वसंतात नाचण तिथेच संसार थाटील, की पलीकडच्या आंब्यावर जाईल, कोण जाणे. तिने काही करारावर सही केलेली नाही. परवा पिंप उपडे करताना शीळ ऐकू आली. नातीने बोट दाखविले. अडुळशात कोळ्याने नवे जाळे विणले होते, आणि त्याचा एक धागा चोचीत धरून कोणीतरी नाचत होते.