तांबटाची माळ

लग्न होऊन सोलापूरहून हैदराबादला आले, तेव्हापासून सकाळचं सामायिक मी बाल्कनीत बसून करते. समोरच्या गुलमोहरावर तांबट बसतो आणि सुरू होतो. टुक्, टुक्, टुक्. तांब्याच्या हंड्यावर हातोडी पडावी तसा. सुरुवातीला मला रागच यायचा बाई! णमोकार माझा, पण मणी सरकायचे त्याच्या ठेक्यावर.

एकदा वैतागून माळ बाजूला ठेवली अन् मोबाइलवर मिनिट लावून त्याचे टोले मोजले. 112 भरले. मुलीनं शोधून सांगितलं, तो मिनिटाला 108 ते 121 टोले देतो आणि न थांबता 204 पर्यंतही जातो. ऐकून हसूच आलं. पंचपरमेष्ठींचे गुण 108, म्हणून आमच्या माळेचे मणीही तेवढेच. योगायोग, दुसरं काय! आणि हे सारं चोच मिटून. गळ्याची कातडी तेवढी प्रत्येक टोल्याला फुगते.

लय अभ्यासणारे म्हणे सुरापेक्षा दोन आवाजांमधलं अंतर मोजतात. मादागास्करच्या इंद्री लेमूरांच्या गाण्यात ही अंतरं एकास एक किंवा एकास दोन अशी असल्याचं 2021 मध्ये दिसून आलं. म्हणजे आपल्या तबल्यातलीच बरोबरी आणि दुप्पट की!

मग मी त्याची वाट बघू लागले. पण त्याआधीच मी सोसायटीला एक अर्ज देऊन बसले होते, गुलमोहराची वाळकी फांदी गाड्यांवर पडेल म्हणून. तो अर्ज मी विसरले, सोसायटी विसरली नाही. मार्चमध्ये फांदी तोडली. खाली जाऊन पाहिलं, तर तिच्या पोटाला सुबक गोल भोक. तांबट वाळक्या लाकडातच घर कोरतो. आत अंडी नव्हती, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी माळ हातात, पण ठेका नाही. पाणी गाळून पिणारी, अंधार पडल्यावर न जेवणारी मी; आणि एका पंचेंद्रिय जीवाचं घर सहीनिशी पाडलं.

क्षमावणीला साऱ्या सोसायटीची क्षमा मागितली. ज्याची मागायची, तो मात्र तिथं नव्हता.

यंदा मागच्या कडुलिंबावरून टुक् टुक् ऐकू आलं. त्याचीही एक फांदी वाळली आहे. ती राहू द्यावी, असा नवा अर्ज दिला. सेक्रेटरी हसले, "मॅडम, एकदा तोडा, एकदा ठेवा!"

हसू देत. फांदी अजून आहे. मी रोज बघते.