पसरणारी नको, घुसणारी हवी!

हल्ली माझ्याशी कुणी पाच मिनिटं बोललं की विषय काडतुसांवर येतोच. ऑफिसात, शेजारणीकडे, बुलढाण्याला बाबांशी फोनवर, कुठेही. शॉटगन म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच बंदुकीतून एकच एक जाडजूड शिशाची गोळी सुटते, तिला स्लग म्हणतात, त्या स्लगच्या जाती आहेत, त्यांना सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि अलास्काच्या रानात समोरून अस्वल धावून आलं तर कुठली जात कामाची नि कुठली बिनकामाची याचं चोख उत्तर आहे, हे सगळं मला एका प्रशिक्षणात कळलं. तेव्हापासून मी झपाटल्यासारखी झालेय!

आधी जागा सांगते. आमचं काम आग्नेय अलास्कात, टोंगास राष्ट्रीय वनात. सॅमन माशांच्या ओढ्यांचं पाणी तपासायचं. उन्हाळ्यात सॅमन समुद्रातून ओढ्यांत चढायला लागतात आणि त्यांच्यामागोमाग अस्वलं येतात. म्हणजे आमची कामाची जागा आणि अस्वलांची जेवणाची जागा एकच. एकट्या अ‍ॅडमिरल्टी बेटावर सुमारे १,६०० तपकिरी अस्वलं आहेत, माणसं त्याहून कितीतरी कमी. ओढ्याचा खळखळाट एवढा, की अस्वलाला आपण ऐकू येत नाही आणि आपल्याला अस्वल. काठावर डेव्हिल्स क्लब नावाची काटेरी झुडपं, तीही डोक्याच्या वर. दृष्टी पोचते ती जेमतेम पंधरा-वीस मीटर. आणि तपकिरी अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतं. सेकंदाला १५ मीटर! हा एक हिशेब मनात पक्का बसला, की कुठलं काडतूस घ्यायचं, किती भरायची, नेम कुठे धरायचा, सगळे प्रश्न त्याच्याभोवतीच फिरू लागतात.

पहिला मान मिरचीच्या स्प्रेचा, हे इथेच ठासून सांगते. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो हे अस्वलांचे मोठे अभ्यासक. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या १९८५ ते २००६ या काळातल्या घटना तपासल्या, तेव्हा तपकिरी अस्वलावर स्प्रे मारल्याच्या शंभरातल्या ९२ प्रसंगांत अस्वलाने आपला हेका सोडला होता. बंदुकांचा असाच हिशेब त्यांनी २०१२ मध्ये मांडला. त्यात बंदूक झाडणारे आणि जवळ असूनही न झाडणारे, यांना झालेल्या इजांमध्ये म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. म्हणून आमच्यात स्प्रे प्रत्येकाच्या छातीवर, आणि बंदूक फक्त एकाच्या खांद्यावर. पण वारा तोंडावर असेल, स्प्रे मारूनही अस्वल थांबलं नाही, तर? तेव्हा ती बंदूक. आणि तिच्यात काय भरलंय याचा विचार त्या सेकंदाला करून चालत नाही, तो घरी टेबलाशी बसून करायचा असतो. माझा आनंद नेमका तिथेच सुरू होतो!

टेबलावर आमच्या प्रशिक्षकांनी काडतुसं ओळीने मांडली होती. पंचवीस-तीस वर्षं अलास्काच्या रानात काढलेला माणूस, बोलायला अगदी शांत. त्यांनी आधी माप समजावलं. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याचे सारखे बारा गोळे करायचे, त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. व्यास साडेअठरा मिलिमीटर. आपल्याकडे खडकीच्या कारखान्यात बनणाऱ्या बारा बोअरच्या काडतुसांचं मापही हेच. तसं बघितलं तर मी पुण्यात शिकताना या विषयाच्या शेजारीच राहत होते!

मग त्यांनी एक रायफलची गोळी आणि एक स्लग माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. .३०-०६ची गोळी साडेसात-आठ मिलिमीटर जाड. ती अंगात शिरल्यावर उमलावी, रुंद व्हावी, मोठी जखम करावी, अशी बनवलेली असते. स्लग नळीतून निघतानाच साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास रुंद. त्याला आणखी रुंद व्हायची गरजच काय? जेवढा तो पसरणार तेवढा अडणार, जेवढा अडणार तेवढा उथळ राहणार. आणि अस्वल म्हणजे दाट ओले केस, त्याखाली चरबी, त्याखाली खांद्याचे जाडजूड स्नायू, मग हाड, आणि त्याही पलीकडे हृदय नि फुफ्फुसं. तिथवर पोचणं हेच काम. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुकानातल्या खोक्यांवर ज्या गुणांची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते, भरपूर पसरते, प्रचंड ऊर्जा, ते हरणासाठी चांगले गुण अस्वलासमोर उलटे पडतात.

आता जाती. अमेरिकेत कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतो तो फॉस्टर स्लग. कार्ल फॉस्टर नावाच्या अमेरिकन माणसाने १९३१च्या सुमारास तो बनवला, साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीतून हरीण मारता यावं म्हणून. मऊ शिसं, पुढे भरीव, मागून पोकळ. सगळा भार पुढे असल्यामुळे तो बॅडमिंटनच्या फुलासारखा तोंड पुढे ठेवून सरळ उडतो. नेहमीचा एक औंसाचा, म्हणजे २८ ग्रॅमचा फॉस्टर सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. अंगावर तिरप्या रेघा असतात. मला वाटलं, त्यांनी तो गरगर फिरत असेल. पण तो सरळ उडतो तो पुढच्या भारामुळे. त्या रेघांचा खरा उपयोग असा, की नळीच्या तोंडाशी जागा अरुंद झाली तर शिसं तिथे दबून निघून जातं. किती साधं, किती हुशार!

आणि मग ब्रेनेके! त्याच्यापाशी मी थबकलेच. लाइपझिगच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये काढलेली ही कल्पना. भरीव स्लग, आणि त्याच्या बुडाला घट्ट जोडलेलं हलकं बूच. पूर्वी ते फेल्टचं असे, आता प्लास्टिकचंही असतं. हे बूच गोळीबरोबरच उडतं आणि शेपटीचं काम करतं. पोकळपणा नाही, म्हणून चेपायला जागाच नाही. अस्वलाच्या मुलुखात जे ब्रेनेके वापरतात त्यांचं शिसं मिश्रधातू करून कठीण केलेलं असतं. प्रशिक्षकांनी एक काडतूस कापून आतला स्लग दिला. हातात घेतल्यावर आधी जाणवतं ते वजन. बाजूने जाड कडा उभ्या, तोंड चपटं. नख रुतवून बघितलं. फॉस्टरवर ओरखडा उठला होता, यावर काही नाही. ब्रेनेकेच्या तीन इंच लांबीच्या मॅग्नम काडतुसातला स्लग ३९ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला साडेचारशे मीटरहून थोड्या जास्त वेगाने निघतो. फॉस्टरपेक्षा जरा सावकाश, पण ११ ग्रॅमने जड आणि आकार न सोडणारा.

दुपारी रेंजवर गेलो. दुधाचे रिकामे प्लास्टिक कॅन पाण्याने भरून एकामागे एक रांगेत लावले. पहिला फॉस्टर. पुढचे कॅन असे फुटले की पाणी आमच्या टोप्यांवर आलं! काय दणका! पण रांगेत पुढे जाऊन बघितलं तर स्लग निम्म्यात थांबलेला, चपटा होऊन कडेने फाटलेला. मग ब्रेनेके. पहिला कॅन तेवढा उडाला नाही, देखावा कमी. पण एकेक कॅन भोकं पाडत तो पुढे, अजून पुढे गेला, आणि मागच्या मातीच्या बांधातून आम्ही तो खणून काढला तेव्हा तोंड किंचित दबलेलं, बाकी जसाच्या तसा. मी तो हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. सकाळी टेबलावर ऐकलेलं सगळं त्या एका काळपट तुकड्यात डोळ्यांसमोर होतं.

ही कुणाच्या मनाची कल्पना नाही. अमेरिकेच्या वनखात्याच्या मीहन आणि थिलेनियस या संशोधकांनी १९८३ मध्ये अलास्कात काम करणाऱ्यांसाठी खास अहवाल काढला. अस्वलाचा प्रश्न येतो त्या जवळच्या अंतरावरून रायफली, हातबंदुका आणि शॉटगन झाडून, गोळी किती आत जाते, किती पसरते, तिचं वजन किती टिकतं, हे त्यांनी मोजलं. अव्वल ठरली .४५८ विंचेस्टर मॅग्नमसारखी अजस्र रायफल. पण ती झाडणं, आणि झाडून लगेच दुसरी झाडणं, प्रत्येकाला जमणारं नाही. अलास्काचं मासे नि वन्यजीव खातं सांगतं, की अस्वलावर गोळी झाडायची वेळच आली तर .३०० मॅग्नमच्या ताकदीची रायफल किंवा स्लग भरलेली बारा बोअरची शॉटगन योग्य. .४४ मॅग्नमसारखं जड रिव्हॉल्व्हरही, विशेषतः सराव नसलेल्या हातात, अपुरं पडू शकतं.

छर्ऱ्यांचं काय, असं सगळेच विचारतात. नको! डबल-ऑट नावाचे मोठे छर्रे पावणेतीन इंची काडतुसात साधारण नऊ असतात, प्रत्येक ८.४ मिलिमीटरचा. ऐकायला नऊ गोळ्या, पण एकेकीचं वजन साडेतीन ग्रॅम. चरबी नि स्नायूतच त्यांचा दम सरतो आणि अस्वल नुसतं जखमी होतं. काही लोक पहिलं काडतूस छर्ऱ्यांचं, मग स्लग, असं मिसळून भरतात. मला ते मुळीच पटत नाही. दोन सेकंदांच्या मामल्यात आता नळीत काय आहे याची उजळणी कोण करणार? सगळे स्लग, आणि सगळे एकाच जातीचे. प्लास्टिकच्या खोळीतून जाणारे सॅबो स्लग तर आमच्या बंदुकीसाठी नाहीतच. ते आतून आटे पाडलेल्या नळीसाठी बनतात, गुळगुळीत नळीतून त्यांचा नेम भरकटतो, आणि त्यातले बरेचसे हरणांसाठी, म्हणजे पसरण्यासाठीच घडवलेले.

राहिला तीन इंची की पावणेतीन इंची हा वाद, आणि त्यात मी ठामपणे पावणेतीनच्या बाजूची. तीन इंची मॅग्नमची लाथ खांद्याला अशी बसते की नळी वर उडते, आणि ती खाली आणून, पुढची मूठ मागे-पुढे ओढून दुसरी फैर झाडेपर्यंत मोलाचा वेळ जातो. पावणेतीन इंची कठीण ब्रेनेकेही खोल जातो, आणि माझ्यासारख्या बेताच्या बांध्याच्या माणसाला त्याची दुसरी, तिसरी फैर नेमकी बसवता येते. धावून येणारं अस्वल डोकं खाली घालून हेलकावत येतं, कवटी मागे उतरती असते. म्हणून डोक्याच्या मागे न लागता छाती-खांद्याच्या मध्यावर मारायचं आणि ते थांबेपर्यंत झाडत राहायचं, असं आम्हाला शिकवलं. प्रशिक्षकांनी अस्वलाचं चित्र लावलेली पाटी दोरीने आमच्या दिशेने ओढली. पाटी सुटल्यापासून पायाशी येईपर्यंत किती झाडल्या नि किती लागल्या, ते मोजलं. त्या सरावानंतर मॅग्नमचा हट्ट धरणारे आमच्यातले दोन धिप्पाड गडीही पावणेतीनवर आले.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. आमचं शेत ज्ञानगंगा अभयारण्याच्या अंगाला, अस्वलाची धास्ती त्यांना लहानपणापासूनची. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, पण मारल्यावर सरकार काही म्हणत नाही का?" आपल्याकडे १९७२च्या कायद्याने अस्वलाला संरक्षण आहे, म्हणून हा प्रश्न. म्हणतं, बाबा, चांगलंच म्हणतं! अलास्कात जिवावर बेतलं तर अस्वल मारता येतं, पण खाणं उघड्यावर टाकून त्याला तुम्हीच बोलावलं असेल तर तो बचाव ठरत नाही. मारल्यावर लगेच कळवायचं, पंधरा दिवसांत लेखी अहवाल द्यायचा, आणि पंजांसकट कातडं नि कवटी सोडवून सरकारजमा करायची. मला हा नियम फार आवडला. अस्वल त्याच्या घरी आहे, आपण तिथे पाण्याचे नमुने घ्यायला जातो. उत्तम काडतूस खांद्यावर असावं आणि ते कधीच झाडावं लागू नये, हीच आमच्या सगळ्या टीमची इच्छा असते. म्हणून ओढ्याकाठी आम्ही मोठमोठ्याने बोलत, टाळ्या वाजवत चालतो. मी मराठी गाणी म्हणते.

तुमच्यापैकी कुणी इकडे कामाला किंवा रानात राहायला येणार असेल, तर माझं कळकळीचं सांगणं आहे. स्प्रे आधी घ्या आणि हाताशी ठेवा. बंदूक नेणार असाल तर रीतसर शिकून न्या. तिच्यात कठीण शिशाचे, भरीव, न पसरणारे स्लग भरा. आणि जे काडतूस रानात नेणार, त्याचीच निदान एक पेटी आधी रेंजवर संपवा.