'वसाहत' म्हणजे एमआयडीसी का हो सर?



मागच्या महिन्यात फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, 'ब्रिटिश वसाहती'. लगेच मागच्या बाकावरून हात वर. "सर, वसाहत म्हणजे एमआयडीसीच ना? पप्पा तिकडेच जातात कामाला." वर्ग खो खो हसला. पण पोराचं चुकलं काय? आपल्या रबाळ्यात 'औद्योगिक वसाहत' हेच शब्द तो रोज ऐकतो.

मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.

वसाहती दोन तऱ्हेच्या

भारतात इंग्रज राज्य करायला आले. मूठभर आले, नोकरी संपली की परत गेले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे मात्र ते बायकापोरांसह कायमचे राहायला गेले. दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या आधीपासून डच वंशाचे बोअर होतेच. जमिनी घेतल्या, गावं वसवली. आणि मग हेच गोरे वसाहतवाले लंडनच्या सरकारशी भांडू लागले. कर आम्ही भरायचा आणि कारभार गव्हर्नरने नेमलेल्या चार माणसांनी करायचा, हे कसं चालेल?

१८३७ मध्ये कॅनडात मॅकेंझी आणि पापिनो यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाले. ते मोडले गेले. पण चौकशीला आलेल्या लॉर्ड डरहॅमने १८३९ च्या अहवालात शिफारस केली की कारभारी मंडळ लोकांनी निवडलेल्या सभेला जबाबदार असावं. १८४८ मध्ये ते प्रत्यक्षात आलं. ऑस्ट्रेलियात १८५४ साली बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणीवरच्या लोकांनी परवाना फीविरुद्ध बंड केलं, माणसं मेली. पुढच्याच वर्षी तो जाचक परवाना गेला, आणि १८५७ पर्यंत व्हिक्टोरियात पुरुषांना मताधिकार मिळाला.

इथपर्यंत मी दरवर्षी शिकवतो. लोकांनी हक्क मागितले, लढले, मिळवले, धडा संपला.

या वेळी मात्र गावातली एक मुलगी उभी राहिली. तिची आजी अजून भातशेतीच्या गोष्टी सांगते. ती शेतं होती तिथे आता कारखाने आहेत. तिने विचारलं, "सर, हे गोरे यायच्या आधी तिथं कोण राहायचं? त्यांना पण मत मिळालं का?"

इतकी वर्षं शिकवतोय, पण हा प्रश्न मी स्वतः वर्गात कधी मांडला नव्हता. खरं सांगतो, लाज वाटली.

गोखल्यांनाही हाच प्रश्न भेटला

उत्तर शोधताना आपलाच माणूस सापडला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. फर्ग्युसन कॉलेजातले शिक्षक, अंकगणिताच्या पुस्तकाचे लेखक. १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे ध्येय मांडलं ते हेच, 'वसाहतीचं स्वराज्य'. कॅनडा-ऑस्ट्रेलियाला मिळालं तसं आम्हालाही द्या.

पण त्याच वसाहतींत आपली माणसं कशी जगत होती? १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले जात होते. १८९३ मध्ये नाताळच्या गोऱ्यांना जबाबदार राज्यपद्धती मिळाली, आणि तीनच वर्षांत त्यांनी कायदा करून भारतीयांना मताधिकाराचं दार बंद केलं. त्याआधी, १८९५ मध्ये, करार संपूनही परत न जाणाऱ्या मजुरांवर वर्षाला तीन पौंड कर बसवण्याचा कायदा झालाच होता. हे गणित मी वर्गालाच घातलं. मजुरी पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, आणि पौंडाचे वीस शिलिंग. मग तीन पौंड म्हणजे किती महिन्यांची मजुरी? सहा महिने! पोरं गप्पच झाली.

१९१२ च्या ऑक्टोबरमध्ये मधुमेहाने पोखरलेले गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथले मंत्री बोथा आणि स्मट्स यांना भेटून कर रद्द होईल अशा विश्वासाने परतले. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने हात वर केले, असं वचन दिलंच नव्हतं म्हणे. मग १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये गांधीजींबरोबर दोन हजारांवर मजूर, बायका-मुलं सीमा ओलांडून चालत निघाली. १९१४ मध्ये कर रद्द झाला. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले.

गोष्ट इथे संपवली तर मी पुन्हा तीच चूक करीन. कारण त्याच १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत कायदा होऊन मूळच्या काळ्या लोकांसाठी देशातली जेमतेम सात टक्के जमीन ठेवली गेली. आपल्या माणसांचा कर गेला, पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' हेच राहिलं.

वर्गात करून पाहा

सुधारणांचा कुठलाही धडा घ्या, फळ्यावर तीन प्रश्न लिहा. मागणी कोणी केली? मिळालं कोणाला? कोण राहून गेलं? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा पुस्तकात नसतं, मुलांना शोधू द्या. पालकहो, तुम्हीही घरी विचारा, आपण राहतो तिथं आधी काय होतं?

माझ्या वर्गातल्या त्या मुलीने दुसऱ्या आठवड्यात आजीकडून जुन्या शेतांची नावं वहीत लिहून आणली. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पप्पांच्या मुलाने ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यातलं एकही नाव आम्हा कोणाला माहीत नव्हतं.