सस्क्वेहानावरील जळालेला सेतू

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीच्या पूर्वतीरावर कोलंबिया आणि पश्चिमतीरावर राइट्सव्हिल ही गावे समोरासमोर वसली आहेत. मधले पात्र दीड किलोमीटरहून अधिक रुंद आहे. त्यात जुन्या दगडी खांबांची एक लांब रांग उभी दिसते. खांबांवर मात्र काहीच नाही. कधीकाळी येथे छप्पर घातलेला लाकडी पूल होता आणि आपल्या काळी तो जगातील सर्वांत लांब आच्छादित पूल गणला जाई.

येथील पहिला पूल १८१४ साली पूर्ण झाला आणि १८३२ मध्ये नदीतील बर्फाच्या लोंढ्याने वाहून गेला. १८३४ मध्ये उभा राहिलेला दुसरा पूल ५,६२० फूट लांब होता. त्याचे छप्पर मुख्यतः प्रवाशांसाठी नव्हे, तर लाकडाच्या रक्षणासाठी होते. पाऊस आणि बर्फ सांध्यांत मुरले की तुळया कुजतात. आच्छादनाखाली त्याच तुळया कित्येक दशके टिकतात. पुलावरून माणसे, घोडागाड्या आणि रेल्वेचे डबेही जात. परंतु इंजिनाच्या ठिणग्यांनी आग लागेल या भीतीने डबे जनावरांकडून ओढवून नेले जात. अग्नीविषयी इतकी दक्षता बाळगणाऱ्या या सेतूचा अंत अग्नीनेच व्हावा, हे विधिलिखित होते.

या पुलाचे आणखी एक कार्य होते. दक्षिणेतील गुलामीतून निसटलेली माणसे रात्रीच्या अंधारात तो ओलांडून कोलंबियात येत. पुलाच्या टोकाशीच विल्यम विपर या कृष्णवर्णीय लाकूड-व्यापाऱ्याचे घर होते. मध्यरात्री हाक आली की ते उठत, आलेल्यांना आसरा देत आणि पुढे सुखरूप रवाना करीत. याच विपर यांनी १८३७ मध्ये आक्रमणाला बळाने प्रत्युत्तर न देण्याचे तत्त्व मांडणारा निबंध प्रसिद्ध केला होता. महात्मा गांधींच्या जन्माला तेव्हा ३२ वर्षे अवकाश होता.

२८ जून १८६३. यादवी युद्ध ऐन भरात होते. दक्षिणेच्या सैन्यातील सेनानी जॉन गॉर्डन यांची जॉर्जियाची तुकडी पूल हस्तगत करण्यासाठी राइट्सव्हिलपाशी पोहोचली. पूल हाती लागला असता तर राजधानी हॅरिसबर्गवर पिछाडीने चाल करता आली असती. रक्षणाला हंगामी शिपाई होते; त्यांत कृष्णवर्णीय स्वयंसेवकांचीही एक तुकडी होती आणि तिच्यातील एकाला त्या दिवशी वीरमरण आले. माघार घेताना रक्षकांनी सुरुंगाने पुलाचा एक भाग उडवून पाहिला. तो पडेना, तेव्हा त्यांनी पूल पेटवून दिला.

गॉर्डन यांनी पुढे आपल्या आठवणींत पुढील प्रसंग नोंदवला आहे. पूल वाचवण्यासाठी त्यांनी गावकऱ्यांकडे बादल्या मागितल्या, तेव्हा गावात एकही बादली सापडली नाही. थोड्याच वेळात वाऱ्याने ज्वाळा गावातील घरांपर्यंत आणल्या आणि मग बादल्यांना तोटा राहिला नाही! शत्रूच्या सैनिकांनी नदीपासून घरांपर्यंत रांग केली आणि हातोहात पाणी पोहोचवून गाव वाचवले. पूल मात्र जळून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहिणीने गॉर्डन यांना न्याहारीला बोलावले. तुमची सहानुभूती दक्षिणेकडे आहे काय, असे त्यांनी विचारले. आपले पती उत्तरेच्या सैन्यात आहेत आणि आपणही त्याच पक्षाच्या आहोत, असे तिने निर्भयपणे सांगितले. ज्यांनी घर वाचवले, त्यांचे आभार मानणे मात्र तिला आपले कर्तव्य वाटले.

गॉर्डन यांचे सैन्य गुलामगिरी टिकवण्यासाठी लढत होते. एका रात्रीच्या सत्कृत्याने तो दोष धुतला जात नाही. त्याचबरोबर त्या दोषाने पाण्याची ती रांगही खोटी ठरत नाही. अनेकान्ताची दृष्टी असलेल्या मनाला ही दोन्ही सत्ये एकत्र पाहता येतात.

तीनच दिवसांनी गेटिसबर्गची भीषण लढाई सुरू झाली. कोलंबिया आणि राइट्सव्हिल यांच्यामध्ये १८६९ साली पुन्हा लाकडी पूल उभारला गेला. तोही १८९६ च्या वादळात पडला. आज पाण्यात उरलेले आहेत ते केवळ दगडी खांब. आणि लोकांच्या स्मरणात आहे ती एका रात्री वैर बाजूला ठेवून हातांनी हातांना जोडलेली पाण्याची रांग.