तीन मिलिमीटरचे गवत

यंदा शिगम्याला भाचा दुबईहून पंधरा दिवसांसाठी आला होता. आमोण्याला आमच्या जुन्या घरापुढचे अंगण अजून मातीचे आहे. आई ते शेणाने सारवून घेते, फरशा घालू देत नाही. दुपारी पोरे तिथे गड्डे खेळत होती आणि भाचा सोप्यावर चहा पीत बसला होता. एका पोराने गड्डा सोडला तसा हा बसल्या जागेवरून म्हणाला, "तुळशीकडेन वळटलो." गड्डा सरळ निघाला, मध्यावर मंदावला आणि खरोखरच तुळशीकडे वळून थांबला. तीनदा असे झाले. मी विचारले, तुला कसे कळते? तो म्हणाला, "मामा, उदक खंय वता तें पळोवचें."

भाच्याचा हा धंदाच आहे. तो दुबईतल्या एका गोल्फ मैदानावर गवत राखतो. तुम्ही म्हणाल, आमोण्याच्या माणसाला गोल्फशी काय देणेघेणे? मलाही तसेच वाटायचे. इंग्रजांनी कलकत्त्यात १८२९ सालीच गोल्फ क्लब काढला, पण आमच्या वाट्याला पोर्तुगीज आले. आम्ही फुटबॉलवर वाढलो. दूरदर्शन संचावर कधी गोल्फ लागलेच तर मी वाहिनी बदलत असे.

२०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा भाच्याचा ट्रक दोन वर्षांचा होता आणि बँकेचे हप्ते बरेच उरले होते. दोन पावसाळे तो ट्रक ताडपत्री घालून बहिणीच्या दारात उभा राहिला. टायरांतून गवत वर आले. शेवटी मिळेल त्या किमतीला ट्रक विकून पोरगा दुबईला गेला आणि तिथे नशिबी आले तेही गवतच. पहिल्या वर्षी तो फोनवर फार बोलत नसे. मग हळूहळू सांगू लागला, आणि मी नोकरीत दिवसभर फायली वाचणारा माणूस, ऐकता ऐकता त्यात रमलो.

माझा समज असा होता की मैदान लांब असले, मध्ये पाणी आणि वाळूचे खड्डे असले की ते कठीण. भाचा हसला. म्हणाला, हे तुझ्यामाझ्यासाठी कठीण. व्यावसायिक खेळाडू पहिल्या फटक्यात चेंडू तीनशे यार्डांवर टाकतो. सात हजार यार्डांचे मैदान त्याला लांब वाटत नाही. तळे दिसले तर तो तळ्यावरून मारतो. त्याला अडवायचे असेल तर त्याच्या ताकदीशी भांडून उपयोग नाही. त्याची खरी विद्या चेंडूला हवा तिथे थांबवण्यात असते, तीच त्याच्याकडून काढून घ्यावी लागते.

ती काढून घेतात गवताने. मधली आखूड कापलेली पट्टी म्हणजे फेअरवे. तिथून मारलेल्या चेंडूला काठी स्वच्छ लागते, चेंडू उलटा फिरत जातो आणि ग्रीनवर पडला की जागीच थबकतो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना वाढवलेले गवत म्हणजे रफ. तिथे काठी आणि चेंडू यांच्या मध्ये पाती येतात. चेंडू उडतो, पण ती उलटी फिरकी मिळत नाही. आता पुढचे ग्रीन जर कडक राखले असेल तर असा चेंडू टप्पा खाऊन पलीकडे घरंगळतो. म्हणजे पट्टी अरुंद, कडेचे गवत उंच आणि ग्रीन कडक, या तीन गोष्टी एकत्र आल्या की पहिल्या फटक्यातली दहा हातांची चूक दुसऱ्या फटक्यात वसूल होते. अमेरिकेतल्या ओकमाँट मैदानावर २०२५ च्या यूएस ओपनमध्ये हे गवत पाच इंच वाढवले होते. चार दिवसांच्या खेळानंतर ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत फक्त एकच खेळाडू आला, विजेता जे. जे. स्पॉन, आणि तोही अवघ्या एका फटक्याने.

भाच्याचे काम मात्र ग्रीनवरचे. मोठी स्पर्धा असली की पहाटे तीन-साडेतीनला दिवे लावून ते कामाला लागतात. गवत साधारण तीन मिलिमीटर उंचीवर कापायचे, त्यावरून रूळ फिरवायचा, दव झटकायचे. त्याच्या मैदानावरचे गवत बर्म्युडा जातीचे. मी शोधून पाहिले तर ते आपल्या हरळीच्याच कुळातले निघाले. ज्या दूर्वा आम्ही चवथीला गणपतीच्या मस्तकावर वाहतो, त्यांच्याच भाऊबंदांवर हे लोक चेंडू घरंगळवतात. या गवताला वाढण्याची दिशा असते, आणि चेंडू मंदावू लागला की तो त्या दिशेला ओढ खातो. उताराबरोबर हेही वाचावे लागते.

ग्रीन किती पळते हे मोजायचे साधन आहे, स्टिंपमीटर. १९३५ साली याच ओकमाँटवरची यूएस ओपन पाहायला एडवर्ड स्टिंपसन नावाचा हौशी खेळाडू गेला होता. नामांकित खेळाडूचा हलकासा फटका ग्रीनवरून घसरत बाहेर गेलेला पाहून हे मोजले पाहिजे असे त्याला वाटले. साधन म्हणजे काय, तर एक खाचेची पट्टी. ती हळूहळू उचलायची, ठरावीक उंचीला चेंडू आपोआप सुटतो, मग तो किती फूट गेला ते मोजायचे. साध्या मैदानावर आठ-नऊ फूट जातो. मोठ्या स्पर्धेत बारा, तेरा, कधी त्याहूनही जास्त. आईच्या अंगणातला आणि बांधावरच्या गवतातला गड्डा आठवा, म्हणजे फरक समजेल. उतार तोच असतो, पण जमीन जितकी पळती तितका चेंडू जास्त वळतो.

मग येते भोक. सव्वाचार इंच रुंदीचे, त्यात बदल नाही. पण ते ग्रीनवर कुठे पाडायचे हे रोज बदलते. आयोजक जागा ठरवतात, खुणेचा ठिपका लावतात आणि भाच्यासारखा कोणीतरी पहाटे ते पाडतो. उताराच्या खांद्यावर किंवा वाळूच्या खड्ड्यामागे कडेपासून चार पावलांवर ते पाडले की सगळा हिशेब बदलतो. कालचा उत्तम फटका आज वाया जातो. भाचा एकदा म्हणाला, "मामा, माका खेळूंक येना, पूण तांकां कशें रडोवपाचें तें माका खबर आसा."

यालाही मर्यादा आहे. २००४ साली शिनेकॉक हिल्स मैदानावर आयोजकांनी सातवे ग्रीन इतके कोरडे होऊ दिले की चांगला फटकाही त्यावर थांबेना. शेवटच्या दिवशी खेळ चालू असताना मधे मधे पाणी मारावे लागले. चांगल्या फटक्याला फळ मिळत नसेल तर ते मैदान कठीण नव्हे, अन्यायी. हा फरक मला माझ्या खात्यातल्या नियमांमुळे चटकन कळला.

आणि सगळ्यात कठीण ते मैदान, जे खेळाडूला निवड करायला लावते. धोका घ्यायचा की चार पावले मागे राहायचे? १९९९ साली स्कॉटलंडमध्ये कार्नूस्टीला फ्रान्सचा झाँ वान द वेल्ड शेवटच्या होलवर तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत संपवले असते तरी जिंकला असता. त्याने सांभाळून खेळण्याऐवजी जोरात मारले. चेंडू प्रेक्षकांच्या सज्जाला लागून उंच गवतात आला, तिथून बॅरी बर्न नावाच्या व्हाळात पडला. बूट-मोजे काढून तो गृहस्थ पाण्यात उतरून उभा राहिला. सात फटके लागले, बरोबरी झाली आणि जादा खेळात पॉल लॉरी जिंकला. व्हाळ शेकडो वर्षे तिथेच वाहतो आहे. त्याने कोणाला आत बोलावले नव्हते.

भारतात सध्या कठीण म्हणून नाव घेतात ते गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानाचे. इंडियन ओपन तिथे २०१७ पासून भरते. २०१९ चा विजेता स्टीफन गॅलाकर याला शेवटच्या दिवशी एकाच होलवर आठ फटके लागले, तरी तो जिंकला. बाकीच्यांचीही तीच गत होती. पण मला आवडतो तो २०१७ चा निकाल. पहिल्याच वर्षी सगळे त्या मैदानाला घाबरलेले असताना एस. एस. पी. चौरासिया सात फटक्यांच्या फरकाने जिंकला. तो काही लांब मारणारा खेळाडू नव्हे. त्याचे वडील कलकत्त्याच्या त्या जुन्या क्लबात गवत राखायचे आणि पोरगा पाहून पाहून शिकला. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

परत जाण्याआधी त्याला तेरेखोल पाहायचे होते. तिथे गोल्फ मैदान होणार होते हे त्याने परदेशात ऐकले होते. केरीहून फेरीबोटीने आम्ही पलीकडे गेलो. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतलेला तो छोटा किल्ला, खाली नदीचे मुख, समोर केरीचा किनारा. वारा असा की बोललेले ऐकू येईना. भाच्याने वाकून जमीन चाचपली. सड्यावर माती जेमतेम, खाली जांभा. इथे तीन मिलिमीटरचे गवत हवे तर माती बाहेरून आणावी लागेल आणि उन्हाळ्यात दिवसाला लाखो लिटर पाणी, असे तो म्हणाला. वाऱ्याकडे पाहून मात्र त्याचे डोळे चमकले. "खेळगड्यांक हांगा कठीण पडटलें," म्हणाला.

गावात मोजकी घरे. काजूची झाडे. एका हॉटेल कंपनीच्या प्रकल्पासाठी २०१५ साली इथे यंत्रे आली तेव्हा गावकरी आडवे उभे राहिले होते. जमीन कुळांची की मालकाने विकलेली, हा वाद होता. प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. मी सरकारी कारकून, अशा वादांच्या फायली कशा जाड होत जातात हे मला ठाऊक आहे. रकान्यात "रोजगार" असा शब्द असतो. "वारा" किंवा "काजू" असा रकाना नसतो.

फेरीबोटीची वाट पाहताना भाचा म्हणाला, "मामा, हें हांगा जालें आसतें जाल्यार हांव आयज घरा आसतलों."

मला उत्तर देता आले नाही. बहीण दर रात्री त्याच्या फोनची वाट पाहते हे मला माहीत होते. थोड्या वेळाने मी त्याला सेंट अँड्र्यूजबद्दल सांगितले. जगातले सगळ्यात नामांकित मैदान, पण ती जमीन गावाची सामायिक. १५५२ च्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क लिहून ठेवला आहे. अजूनही रविवारी जुन्या मैदानावर एरवी खेळ बंद असतो आणि लोक त्यावरून फिरायला जातात. त्याचे खड्डे थंडीवाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी पाडले असे म्हणतात. गावाला हलवून ते मैदान झालेले नाही. गाव तिथे होते म्हणून ते झाले. तरी ते आजही खेळाडूंना पुरून उरते.

भाच्याने ऐकून घेतले. मग विचारले, तिथले गवत कोण कापतो? मला माहीत नव्हते. "कोण तरी पगारी आसतलो," तो म्हणाला, "पूण सांजचो घरा वतलो." फेरीबोट आली. उरलेल्या वाटेवर आम्ही दुसरेच काही बोललो.

उताराची नजर त्याला दुबईत मिळाली असे मला वाटायचे. त्या रात्री आईने वेगळेच सांगितले. माझे वडील मांडवीकाठच्या शेतात बांध घालायचे तेव्हा हा पाच-सहा वर्षांचा पोर त्यांच्या मागे मागे असे. कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबेल, कुठून निघेल, ते त्याला दाखवत. पुढे ते शेत पडीक पडले.

भाचा गेल्यावर आठवड्याने आईने अंगण पुन्हा सारवले. वाळल्यावर मी एकटाच खाली बसलो, एक गड्डा घेतला आणि मनात म्हटले, तुळशीकडे. गड्डा वळला तुळशीकडेच, पण थांबला नाही. तिला वळसा घालून थेट पायरीखाली गेला. मी दुबईला फोन लावला. तो नुकताच कामावरून आला होता. ऐकून हसला.

"नवें सारयलां न्हू, मामा," म्हणाला. "आतां चड धांवतलो. सवकास सोड."