फुस्स

आमच्या हॉटेलातल्या सोफ्यावर बसलं की आवाज यायचा. फुस्स! नवीन गिऱ्हाईक दचकायचं, सोबतच्याकडे संशयाने बघायचं, मग सगळेच हसायचे. तो आवाज माझी निर्मिती होती.

कराडजवळ हायवेला आमचं छोटंसं हॉटेल आहे. चहा, मिसळ, थाळी. आतल्या बाजूला फॅमिलीवाल्यांसाठी पाठीला पाठ लावलेले ८ सोफे, समोरासमोरच्या दोन सोफ्यांमध्ये एक टेबल. मार्च २०२० मध्ये शटर पडलं. माझं पुण्यातलं ऑफिस लॅपटॉपमध्ये शिरलं आणि मी घरी आले. पार्सलवर कसेबसे दिवस निघत होते. सप्टेंबर संपता संपता बातमी आली, ५ ऑक्टोबरपासून हॉटेलात बसून जेवायला परवानगी, तीही निम्म्याच गिऱ्हाइकांना. अण्णांनी कित्येक महिन्यांनी आतले दिवे लावले. सोफ्यांचं रेक्झिन फाटलं होतं, दोन ठिकाणी उंदरांनी फोम कुरतडला होता.

त्याच संध्याकाळी चाचांचा फोन आला. हे सोफे मुळात चाचांनीच बनवलेले. लॉकडाऊनमध्ये त्यांचं दुकान बंद होतं आणि ते हातगाडीवर भाजी विकत होते. "हॉटेलं उघडणार म्हणे. सोफ्याचं काही काम असलं तर सांगा." मी दर विचारला. एका सोफ्याची मजुरी १,८००, कापड आणि फोम वेगळा. मनातल्या मनात गुणाकार केला: १४,४००. नुसती मजुरी!

मी यूट्यूबवर नऊ मिनिटांचा व्हिडिओ बघून ठेवला होता. कापड ओढायचं आणि पिना मारायच्या, त्यात काय एवढं? "नको चाचा," मी म्हणाले, "आम्ही घरीच करतोय."

"बरं बाळा," ते म्हणाले. "काही अडलं तर सांग."

अण्णा शेजारीच तांदूळ निवडत होते. "कसे आहेत चाचा?" एवढंच त्यांनी विचारलं.

मग मी काय काय केलं ते सांगते. जुनं रेक्झिन काढायचा कंटाळा केला, त्याच्यावरच नवं चढवलं. फोम घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "३२ डेन्सिटी की ४०?" म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ३२ किलो की ४० किलो. जड फोम जास्त दिवस टिकतो. मी विचारलं, "स्वस्त कुठला?" तो आणला आणि फक्त मध्यभागी, जिथे खड्डा होता तिथे, ठिगळासारखा ठेवला. पिना मारायची गन आणली आणि एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेने मारत सुटले. त्यामुळे कापड एका बाजूला ढकललं गेलं आणि सगळ्या सोफ्यांवर तिरक्या सुरकुत्या पडल्या. कोपऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. आईच्या मोदकाला कळ्या पडतात. माझ्या कोपऱ्यांची गाठोडी झाली.

फोटो मात्र झकास आला. 'स्वतः केलं!' असं लिहून स्टेटसला टाकला. १४,४०० वाचवले म्हणून सगळ्यांना सांगत फिरले.

५ ऑक्टोबरला पहिलं गिऱ्हाईक बसलं आणि पहिलं फुस्स झालं. मी खालून वरून सगळं इतकं घट्ट बंद केलं होतं की आतल्या हवेला पिनांच्या भोकांतूनच वाट काढावी लागत होती.

पुढचं काम सॅनिटायझरने केलं. आपण ज्याला रेक्झिन म्हणतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा थर दिलेला कपडा असतो. थर मऊ राहावा म्हणून त्यात तेलासारखं रसायन मिसळलेलं असतं. आम्ही दर पंगतीनंतर स्पिरिटचा फवारा मारून सोफे पुसत होतो, त्याने ते रसायन हळूहळू निघून जातं. चार महिन्यांत सुरकुत्यांच्या रेषेवर रेक्झिन कडक झालं आणि तडकलं. त्यावर खाकी टेप आली. टेपचा गोंद गिऱ्हाइकांच्या पँटींना लागायला लागला.

तोवर मी पुण्याला परतले होते. फेब्रुवारीत आईने फोनवर सांगितलं, चार नंबरच्या सोफ्यावरून उठताना एका आजींच्या लुगड्याचा काठ पिनेत अडकून टर्रकन फाटला. माझ्या पिना आखूड होत्या. दोन थरांच्या घड्या ओलांडून प्लायवूडपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या, सुटून खाली लोंबत होत्या. आजी काही बोलल्या नाहीत. अण्णांनी जेवणाचे पैसे घेतले नाहीत.

दिवाळीत घरी गेले तेव्हा अण्णा गल्ल्यावर नव्हते. चार नंबरच्या सोफ्यावर वही पसरून बसले होते.

"इथे का बसलाय?"

"इथं वारं चांगलं लागतंय."

आईने स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. फेब्रुवारीपासून हॉटेल जेवढे दिवस उघडं होतं, तेवढे दिवस अण्णा तिथेच बसत होते. दुसऱ्या कुणाला तिथे बसायला लागू नये म्हणून.

चाचांना फोन मीच केला. ते आले, सोफ्याखाली हात घातला, बोटांनी पिना चाचपल्या. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. स्क्रूड्रायव्हरने एकेक पीन उचकायला लागले. मी पिना वाटीत गोळा करत होते. एका सोफ्याच्या ३४० भरल्या. चाचांनी तोच सोफा शंभरच्या आत बसवला. आधी चारी बाजूंच्या मधोमध एकेक पीन, मग समोरासमोर ओढत कोपऱ्यांकडे. "मधनं सुरू करायचं असतंय. कोपरा शेवटी." खालच्या प्लायवूडला त्यांनी ड्रिलने सहा भोकं पाडली. "माणूस बसला की हवेलाही जायला वाट पाहिजे."

"चाचा, त्या दिवशी फोनवर मी..." मी सुरुवात केली.

"तुझा आवाज लई खुशीत होता," ते खाली बघतच म्हणाले. "म्हटलं, करू दे पोरीला." मग पुढची पीन मारली. "तवा काम लागत होतं, हे खरं."

मला पुढे काही बोलता आलं नाही. १,८०० चा दर त्यांनी वाढवला नव्हता. मी वाढवून दिला, तर वरचे पैसे मोजून परत केले.

संध्याकाळी अण्णा चार नंबरवर बसले. आवाज आला नाही. दोनदा उठून पुन्हा बसून बघितलं. मग वही उचलली आणि गल्ल्यावर गेले.